पाच संस्था, एक आशाताई

महाराष्ट्रातल्या एखाद्या आदिवासी किंवा अवर्षणप्रवण तालुक्यात काम करणाऱ्या संस्थांची यादी करायला घेतली, तर वहीचं एक पान पुरत नाही. एक संस्था बालमृत्यूंवर काम करते, दुसरी पाणलोटावर. तिसरी बचत गट बांधते, चौथी शाळेत शिकवते, पाचवीने नुकतंच कुठल्याशा कंपनीच्या पैशातून शौचालयांचं काम घेतलेलं असतं. प्रत्येकीचं सर्वेक्षण वेगळं, गावसमिती वेगळी, रजिस्टर वेगळं. बैठकीला सतरंजीवर येऊन बसणारी माणसं मात्र तीच असतात: आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या अध्यक्षा आणि बारावीनंतर गावातच राहिलेला एखादा मुलगा. घरात माणसं किती, हा प्रश्न त्यांना वर्षातून चार वेळा विचारला जातो.

संस्थांनी एकत्र यायला हवं, हे वाक्य सामाजिक क्षेत्रातल्या प्रत्येक परिषदेत ऐकू येतं आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही. म्हणूनच ते तपासून पाहायला हवं. एकत्र आल्याने गावाच्या आरोग्यात, पाण्यात, मनःस्थितीत काय फरक पडला? कोणत्या प्रकारचं एकत्र येणं टिकलं आणि कोणतं फलकावरच्या बोधचिन्हांपुरतं उरलं? गेल्या पन्नास वर्षांतला महाराष्ट्राचा अनुभव याचं बऱ्यापैकी उत्तर देतो.

सुरुवात जामखेडपासून करावी लागते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे गेले. गावात आधी उभी राहिली ती शेतकऱ्यांची आणि मग महिलांची मंडळं, कारण लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नपाण्याची होती. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित बायका आरोग्यसेविका झाल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीची माणसं शिकायला जामखेडला येऊ लागली. मात्र येऊन पाहून जाणं वेगळं आणि परत जाऊन तसंच काम उभं करणं वेगळं. एका संस्थेची पद्धत दुसऱ्या संस्थेच्या हातात तितक्याच ताकदीने चालते का, हा प्रश्न जामखेडने उभा केला. त्याचं मोजून दिलेलं उत्तर पुढे गडचिरोलीतून आलं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९३ पासून गडचिरोलीतल्या ३९ गावांत आणि तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवायला सुरुवात केली. जन्मलेल्या हजार बाळांमागे साठाहून जास्त बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९५ पासून गावातल्याच बायकांना प्रशिक्षण मिळालं: बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, लगेच अंगावर पाजायला लावणं, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता.

यावर आक्षेप अपेक्षित होता आणि तो रास्तही होता. बंग तिथे राहतात म्हणून हे होतं. दुसरीकडे कोण करणार? त्याचं उत्तर म्हणजे ‘अंकुर’ हा प्रकल्प. महाराष्ट्रातल्या सात वेगवेगळ्या संस्थांनी आपापल्या क्षेत्रात, कुठे ग्रामीण, कुठे आदिवासी, तर कुठे शहरी झोपडपट्टीत, घरोघरी नवजात बाळसेवेची हीच पद्धत राबवली. प्रशिक्षण, साधनं आणि मोजमापाची शिस्त ‘सर्च’कडून आली. बाई निवडणं, तिच्यावर देखरेख ठेवणं आणि घरातल्या म्हाताऱ्यांची समजूत घालणं हे त्या त्या संस्थेचं काम. नवजात मृत्युदर जवळपास निम्म्याने उतरला.

माझ्या मते महाराष्ट्रातल्या संस्थांच्या भागीदारीची सगळ्यांत काटेकोर परीक्षा झाली ती इथेच, आणि तिच्या यशाचं कारण कामाच्या वाटणीत आहे. बाळाचे श्वास कसे मोजायचे, इंजेक्शन कधी द्यायचं, नोंद कशी ठेवायची, यात कुणालाही सूट नव्हती. कोणत्या बाईला निवडायचं, तिने सासूशी कसं बोलायचं, यात बाहेरच्याने नाक खुपसायचं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत पहिले काही दिवस परक्या माणसाला शिरू देत नाहीत. काही घरांत तर सोयरसुतकाच्या कल्पनेने शेजारीणही उंबऱ्याबाहेर उभी राहते. त्या खोलीचं दार पुण्या-मुंबईच्या कार्यालयातून उघडत नाही. ते उघडतं संस्थेने आधीच्या दहा-पंधरा वर्षांत त्या वस्तीत कमावलेल्या ओळखीमुळे. कधी रेशनकार्ड काढून दिलेलं असतं, कधी रात्री जीप पाठवलेली असते. स्थानिक संस्थेची खरी पुंजी ही आणि तिच्या ताळेबंदात तिला रकाना नसतो.

पुढे २०११ मध्ये ही पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर सहा आणि घरच्या बाळंतपणानंतर सात भेटी, ठरलेल्या दिवशी, आणि भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये. नियमावली गावोगाव पोचली. आशाताईच्या शेजारी बसून तिची नोंदवही तपासणारी, तिचं चुकलं तर न रागावता पुन्हा दाखवणारी पर्यवेक्षिका मात्र त्या वेगाने पोचली नाही. सात संस्थांनी जे पुरवलं होतं त्यातला हाच भाग परिपत्रकात मावत नाही.

मनाच्या आरोग्यात असाच धडा मिळाला, आणि तिथे दुवा गोव्याचा आहे. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने नैराश्य, चिंता अशा त्रासांसाठी डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांकडून मदत देण्याची पद्धत तपासून घेतली होती. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमातून ती स्थानिक संस्थेच्या सोबतीने नेण्यात आली. गावातले कार्यकर्ते घरोघर, पारावर, गटाच्या बैठकीत बोलत राहिले. गरजेप्रमाणे समुपदेशक आणि त्याच्यापुढे मानसोपचारतज्ज्ञ, अशी उतरंड होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्याचा त्रास असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे अजूनही चारातले जवळपास तिघं मदतीविनाच, हे विसरू नये. तरीही ज्या मुलखात ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की माणूस पाठ फिरवतो, तिथे सहापट वाढ ही लहान गोष्ट नव्हे.

या दोन्ही उदाहरणांत संस्था एकमेकींना सेवा देण्यासाठी जोडल्या गेल्या. जाब विचारण्यासाठीही त्या एकत्र येऊ शकतात, हे २००७ मध्ये दिसलं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सरकारी आरोग्यसेवांवर लोकांनी देखरेख ठेवावी अशी तरतूद होती. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘साथी’ने राज्यपातळीवरचं समन्वयाचं काम घेतलं आणि अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत स्थानिक संस्थांची साखळी उभी राहिली; नंतर जिल्हे वाढत तेरा झाले. गावाने आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं, लाल-पिवळा-हिरवा रंग द्यायचा आणि मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर उभं राहून विचारायचं: औषध बाहेरून आणायला का लावलं, बाळंतिणीकडून पैसे कुणी घेतले. एकट्या-दुकट्या संस्थेने हे केलं असतं तर तालुक्यात तिचं जगणं मुश्किल झालं असतं. तेरा जिल्ह्यांतल्या संस्थांनी मिळून केल्यावर तिला पाठबळ राहिलं. अर्थात, ज्याच्यावर देखरेख ठेवायची त्याच्याच खजिन्यातून मानधन यायचं आणि तेही वेळेवर येईलच असं नाही. ही रचना मुळातच अवघडलेली आहे. तरी ती चालली, याचं श्रेय उधारीवर काम करत राहिलेल्या कार्यकर्त्यांना जातं. असं श्रेय द्यावं लागणं ही काही चांगली खूण नाही.

पाण्याच्या कामात भागीदारीचे नियम सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत स्पष्ट लिहिले गेले. अहमदनगरला आयुष्य घालवलेले स्विस जेसुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. त्यात जर्मनीचा पैसा, नाबार्डची यंत्रणा, १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉटर’ संस्थेचं तांत्रिक मार्गदर्शन, गावाजवळची स्वयंसेवी संस्था आणि गावाची पाणलोट समिती असे पाच हात होते. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची. सुरुवातीला छोट्या तुकड्यावर काम करून पाहायचं आणि जमलं तरच पुढचा मोठा टप्पा. या रचनेचा मोठा गुण म्हणजे तिच्यात नाही म्हणायची सोय होती. गाव नाकारू शकत होतं, संस्था गावाला नाकारू शकत होती आणि नाबार्ड दोघांना. आजच्या अनेक करारांमध्ये हा हक्क फक्त पैसे देणाऱ्याकडे असतो. चराईबंदीचा भार मात्र कुणावर पडला, याची चर्चा कमी झाली. शेळ्या राखून जगणाऱ्या भूमिहीनाला आणि मेंढपाळाला डोंगर बंद झाला, तर पाणी वाढलं ते ज्याच्याकडे विहीर आहे त्याचं. गावाचं भलं झालं असं म्हणताना गावातल्या कुणाचं, हा प्रश्न इथे सुटलेला नाही.

२०१६ मध्ये सुरू झालेली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा ही याच कामाची वेगवान आवृत्ती होती. तीन तालुक्यांपासून सुरू होऊन दोन वर्षांत ती ७५ तालुक्यांवर गेली. प्रशिक्षण, श्रमदान, प्रसारमाध्यमांची साथ आणि यंत्रकामासाठी भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांची मदत यामुळे उन्हाळ्याच्या दीड महिन्यात हजारो माणसं टिकाव-फावडं घेऊन बाहेर पडली. हा उत्साह खरा होता. पण पाणी अडवणं जितकं लोकप्रिय, तितकं ते वाटून घेणं नाही. बोअरवेलला आणि उसाला आवर घालायची वेळ आली की स्पर्धेचं बक्षीस कामाला येत नाही. तिथे वर्षानुवर्षं गावात राहणारी, भांडणात मध्यस्थी करू शकणारी संस्था लागते. फाउंडेशननेही पुढे शेतकऱ्यांच्या गटांकडे, गटशेतीकडे मोर्चा वळवला, त्यामागे ही जाणीव असावी असं मला वाटतं.

आपत्तीत एकत्र येणं सगळ्यांत सोपं असतं आणि सगळ्यांत अल्पायुषीही. पुरानंतर जुन्या कपड्यांचे ढीग कुणी पाहिले असतील त्यांना अधिक सांगायला नको. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने एक वेगळी परंपराही सुरू केली. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. त्यांतली कित्येक कुठल्या ना कुठल्या देणगीदार संस्थेने बांधली आणि चौकटीत आखलेल्या त्या सरळ रस्त्यांवर वाडा, गल्ली, भावकी यांची जुनी वीण बसेना. याउलट हजाराहून जास्त गावांत घरं पाडून न बांधता दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या. घराचा हप्ता कधी मिळतो, कोपऱ्यात लोखंड कसं घालायचं, अभियंत्याला काय विचारायचं, हे त्या सांगत. २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. तज्ज्ञाचा अहवाल जे पोचवू शकला नसता ते त्यांनी पोचवलं: सरकारच्या कागदापुढे कसं उभं राहायचं. किल्लारीच्याच भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. एक संस्था माणसं गावात ठेवून काम करत होती, दुसरी मुलांना गावाबाहेर नेऊन. दोन्हींची गरज होती. दोघींच्या कामाची सांगड घालायची जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती.

ही जबाबदारी कुणाची, हा प्रश्न शेवटी पैशापाशी येतो.

कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमामुळे २०१४ पासून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. सीएसआर हा शब्द त्यानंतर तालुक्याच्या ठिकाणीही रुळला. कायद्याने कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. साहजिकच पुणे, मुंबई, रायगडच्या औद्योगिक पट्ट्यात संस्थांना जेवढे दरवाजे उघडे आहेत तेवढे हिंगोलीत किंवा नंदुरबारात नाहीत. पैसा बहुतेक वेळा एका आर्थिक वर्षाचा. चालू प्रकल्पाला मुभा आहे, पण तीही सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची. कंपनीला दाखवायला वर्गखोली लागते, पाण्याची टाकी लागते, रंगवलेली भिंत लागते. चार संस्थांच्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा बसून आपली सर्वेक्षणं एक करावीत, यासाठी एसटीचं भाडं आणि दुपारचं जेवण द्यायला कुठलंच अंदाजपत्रक तयार नसतं.

परदेशी पैशाची वाट २०२० मध्ये अरुंद झाली. एफसीआरए कायद्यातल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे नोंदणी असली तरीही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने निधी आणायचा, हिशेबाची जबाबदारी घ्यायची आणि दुर्गम भागातल्या पाच छोट्या संस्थांना वाटायचा, ही पद्धत त्या एका कलमाने बंद पडली. ज्या छोट्या संस्थेत इंग्रजीत अर्ज लिहिणारं कुणी नाही, तिला ही मधली संस्था पुलासारखी होती. पैशाचा माग लागावा हा सरकारचा हेतू समजण्यासारखा आहे. मधल्या संस्थांपैकी काही नुसत्या दलाली करत होत्या, हेही खरं. पण त्यांना वेगळं काढण्याऐवजी रस्ताच खणून टाकला गेला. देशी देणग्यांतही २०२३ पासून एक बारीक गाठ बसली आहे. एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला शंभर रुपये दिले, तर प्राप्तिकरासाठी त्यातले ८५ रुपयेच कामावर खर्च झाले असं धरलं जातं. एकट्याने काम करणाऱ्याला हा भुर्दंड नाही. वाटून काम करणाऱ्याला आहे. संस्थांनी एकत्र यावं असं व्यासपीठावर आणि वेगळं राहावं असं कायद्यात, अशी ही आजची अवस्था.

दोष सगळा कायद्याचा नाही. मोठी संस्था लहान संस्थेला ‘भागीदार’ म्हणते आणि वागवते ठेकेदारासारखी, हे सर्रास चालतं. उद्दिष्ट शहरात ठरतं, गावात फक्त आकडे भरायचे असतात. माहिती ज्यांनी दारोदार फिरून गोळा केली त्यांना अहवाल बघायला मिळत नाही, मिळाला तर इंग्रजीत. छोट्या संस्थेने पाच वर्षं घडवलेला कार्यकर्ता मोठी संस्था दुप्पट पगारावर उचलते आणि याला क्षेत्राचा विकास म्हणतात. छोट्या संस्थाही निर्दोष नाहीत. संस्थापकाच्या घरातलेच विश्वस्त, आपल्या गावात दुसऱ्याने पाऊल टाकलं की कपाळाला आठ्या, आणि धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून. अशा संस्थेशी करार करायचा तरी कुणाच्या सहीने?

बाहेरच्या संस्थेने गावात कसं वागायचं, याला मेळघाटात पुण्याच्या ‘मैत्री’ने एक साधं उत्तर शोधलं. पावसाळ्यात बालमृत्यू वाढतात, तेव्हा शहरातले स्वयंसेवक आठवडा-दहा दिवसांच्या तुकड्यांनी तिथल्या गावांत जाऊन राहतात. घरभेटी देतात, आजारी मूल आरोग्य केंद्रापर्यंत पोचवतात. ‘धडक मोहीम’ म्हणून १९९७ पासून हे चालू आहे. नेमका काळ, नेमकं काम, आणि गावात राहायचं ते पाहुणा म्हणून.

या सगळ्या आढाव्यात आतापर्यंत गाव हे मदत घेणारं होतं. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात ते उलटलं आहे. वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाल्यावर तिथल्या ९० ग्रामसभांनी मिळून २०१७ मध्ये महाग्रामसभा स्थापन केली. तेंदूपानांचा लिलाव ग्रामसभा स्वतः करतात, मजुरी आणि बोनस वाटतात, महाग्रामसभेची वर्गणी भरतात. गावागावांतल्या बायकांचे संघ तिथे बरोबरीने बसतात. त्यांच्या मागे ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या स्थानिक संस्थेचं अनेक वर्षांचं काम आहे. तिनेच वनहक्काचे दावे भरायला, नकाशे काढायला, हिशेब ठेवायला मदत केली. आता बैठक महाग्रामसभा बोलावते, विषय ती ठरवते. बाहेरच्या संस्थेला तालुक्यात काही करायचं असेल तर या सभेपुढे येऊन बसावं लागतं. काय करणार, किती दिवस राहणार आणि गेल्यावर रजिस्टर कुणाकडे राहणार, याची उत्तरं तिथे गोंडीत किंवा मराठीत द्यावी लागतात.